ग्रुपमध्ये घेतो म्हणून रात्री बोलावलं तर काय करायचं

ॲडमिशन झाल्या की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमच्या मराठवाड्यातल्या कुठल्याबी कॉलेजात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, एक लेक्चर आणि दुसरं म्हणजे "अरे तू आपल्या ग्रुपमधी ये ना". कुणाला नाटकाच्या ग्रुपमध्ये ओढतात, कुणाला ढोल पथकात, कुणाला कबड्डीच्या टीममध्ये, कुणाला गॅदरिंगच्या कमिटीत. किनवटहून नाहीतर आष्टीहून पहिल्यांदा शहरात आलेल्या पोराला हे लई भारी वाटतं, मलाबी वाटलं होतं. रॅगिंग म्हणलं की हॉस्टेलच्या खोलीत कोंडून मारलेलं पोरगं डोळ्यापुढं येतं, पण मी बारा-तेरा वर्षं लातुरात शिकवतोय, त्यातली पाच वर्षं अँटी रॅगिंग स्क्वॉडमध्ये आहे, आणि माझ्यापुढं आलेल्या बहुतेक भानगडी असल्या ग्रुपमधूनच आल्यात, आणि त्यात रॅगिंग हा शब्द कुणीच वापरत नाही. इंट्रो म्हणतात, ओळखपरेड म्हणतात, "आपल्याकडची पद्धत आहे" म्हणतात.

माझं आधी सांगून टाकतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. संभाजीनगरला शिकायला होतो, नाटकाच्या ग्रुपमध्ये. वडलांची माजलगावला चहाची टपरी, हे सिनियर लोकांना कळलं आणि मग रोज तालीम संपली की मला स्टुलावर उभं करून "चाय गरम" ओरडायला लावायचे, रिकामे ग्लास घेऊन सगळ्यांपुढून फिरायला लावायचे, दीड महिना हे चाललं आणि मी हसत हसत केलं कारण मला एकांकिकेत रोल पाहिजे होता. पुढच्या वर्षी खुर्चीवर मी बसलो. तांड्यावरून आलेलं एक पोरगं होतं, त्याला आम्ही म्हणायचो की हा डायलॉग तुमच्या घरच्या बोलीत म्हण, तो म्हणायचा आणि आम्ही लोळून हसायचो. चौथ्या रात्री तो मधूनच उठला आणि गेला, चपला हॉलच्या दाराशी तशाच, अनवाणी गेला अंधारात. परत आला नाही, ग्रुपमध्ये नाही आणि दिवाळीनंतर कॉलेजातबी नाही. निळ्या पट्ट्याच्या चपला होत्या, एका पट्ट्याला तार गुंडाळलेली. झाडायला येणाऱ्या मावशी त्या उचलायच्या, खालचं झाडून घ्यायच्या आणि परत तिथंच ठेवायच्या, वर्षभर.

तर आता कामाचं.

हे रॅगिंग आहे का गंमत, कसं कळणार

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २००९ चे नियम आहेत, त्यात व्याख्या लई मोठी आहे आणि ती मुद्दाम मोठी ठेवलीय. मारहाण, कपडे काढायला लावणं, दारू पाजणं हे तर आलंच, ते सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे: सिनियरचं जर्नल किंवा असाइनमेंट ज्युनियरकडून लिहून घेणं हे रॅगिंग. "आज चहा-पोहे फर्स्ट इयरकडून" म्हणून रोज खर्च टाकणं हे रॅगिंग. लेक्चर बुडेल असं काही करायला लावणं हेसुद्धा. आणि एरवी जे तू केलं नसतंस, जे करताना लाज वाटते, ते करायला लावणं, मग ते नाचणं असो नाहीतर स्टुलावर चढून चहा विकणं.

२०१६ मध्ये त्यात अजून भर घातली. जात, धर्म, रंग, दिसणं, लिंग, गाव, प्रदेश, भाषा, घरची परिस्थिती यावरून शारीरिक किंवा मानसिक छळ केला, धमकावलं किंवा मुद्दाम बाजूला टाकलं तर तेबी रॅगिंग, आणि ज्याच्यासोबत झालं तो फर्स्ट इयरचाच पाहिजे असं काही नाही. आपल्याकडं इंट्रोमध्ये पहिला प्रश्न नाव, दुसरा गाव, तिसरा आडनाव, आणि मग हळूच "म्हंजी कोणच्यातला रे तू?" हा चौथा प्रश्न आला की तिथंच कान टवकारायचे. तो ओळखीसाठी विचारत नसतात, पुढं टोपणनाव ठरवायला विचारतात. विद्यार्थी एससी-एसटीचा असेल आणि जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदाबी लागू शकतो. आणि आपली पोरं पुण्याला जातात, तिथं कुणी "काय करायलायस, काय करायलायस" करून महिनाभर बोलीची टिंगल करत असेल, प्रत्येक वेळी उठवून बोलायला लावत असेल, तर बोली आणि प्रदेश दोन्ही त्या यादीत आहेत हे ध्यानात ठेव.

ग्रुपमध्ये अडचण अशी असते की काम आणि छळ एकमेकांत मिसळलेलं असतं. नाटकाचा सेट उचलणं, ढोल वाहून नेणं, मैदानाला पाणी मारणं ही कष्टाची कामं आहेत आणि नव्याला ती करावीच लागतात, त्याला कुणी रॅगिंग म्हणू नये. मी एवढंच बघतो की सेट उचलायला सेकंड इयर, थर्ड इयरवालेबी खांदा लावतात का. लावत असतील तर ते काम आहे. नवाच एकटा चार वेळा वर-खाली करतोय आणि बाकीचे पायरीवर बसून व्हिडिओ काढतायत, तर मग ते काम राहिलं नाही. दुसरं बघायचं म्हणजे नाही म्हणल्यावर काय होतं. "सर, मला उद्या प्रॅक्टिकल आहे, मी जातो" म्हणून बघ एकदा. बरा ग्रुप असेल तर म्हणतील जा. चेहरे बदलले, कुणी दार लावलं, कुणी फोन काढून घेतला, तर तुला उत्तर मिळालं.

व्हॉट्सॲपचं तर विचारूच नका. ॲडमिशनची यादी लागायच्या आधी सिनियर लोकांचा ग्रुप तयार असतो, त्यात डीपी काढ, रात्री बाराला एकेकानं "गुड नाइट सर" टाक, व्हॉइस नोटमध्ये गाणं म्हण, नाही केलं तर बॉयकॉट. २०२५ मध्ये यूजीसीनं असल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा छळ रॅगिंगच धरायचा म्हणून कॉलेजांना कळवलंय, त्यामुळं "अरे ते तर चॅटिंग होतं" हे आता चालत नाही.

त्या रात्रीच करायच्या गोष्टी

अंगाला धोका असेल, दार बंद असेल, कुणी पिऊन आलेलं असेल तर सरळ ११२ लाव, रेक्टरच्या परवानगीची वाट बघू नको. तिथून निघता येत असेल तर निघ, चपला घालायला थांबू नको.

मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात जा, संभाजीनगरला असशील तर घाटीत, आणि डॉक्टरला खरं सांग. पोरं काय करतात, "जिन्यावरून पडलो" सांगतात आणि केस पेपरवर तेच लिहिलं जातं, आणि मग दोन महिन्यांनी तोच कागद समोरचा वकील काढून दाखवतो. मारलं असं सांगितलं की डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद करतात, तो नंबर लिहून घे.

मोबाइलमधलं काहीच डिलीट करू नको. राग येतो, घाण वाटते, पोरी तर लगेच सगळा चॅटच उडवतात, पण तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट काढताना वर नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा काढ, नुसतं सेव्ह केलेलं नाव दिसलं तर उपयोग कमी. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्याच मेलवर पाठवून ठेव. मेसेज आपोआप उडणारे असतील तर दुसऱ्याच्या फोनवरून तुझ्या स्क्रीनचा व्हिडिओ काढून घे. फोनपेवरून पैसे घेतले असतील तर त्याची हिस्टरी आहेच.

आणि झोपायच्या आधी लिहून काढ. वहीत, मोबाइलच्या नोट्समध्ये, कुठंबी, पण त्याच रात्री, कारण सकाळी रूममेट म्हणतो "जाऊ दे ना यार, सगळ्यांसोबत होतं" आणि दुपारपर्यंत आपल्यालाच वाटायला लागतं की आपण जास्तच मनाला लावून घेतलं.

तक्रार लिहायची कशी

हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच सगळं घसरतं. दोन वर्षांपूर्वी एका पोरीचा अर्ज आमच्याकडं आला, जसाच्या तसा सांगतो: "मा. प्राचार्य साहेब, मला हॉस्टेलमधील काही सिनियर मुली मानसिक त्रास देत आहेत तरी योग्य ती कारवाई करावी ही नम्र विनंती." बस. आता यावर आम्ही काय करणार होतो, काही मुली म्हणजे कोण, त्रास म्हणजे काय, कधी. विचारायला बोलावलं असतं तर अख्ख्या हॉस्टेलला कळलं असतं. मग आमच्यातल्या एका मॅडमनी तिला घरी बोलावलं, आधी जेवू घातलं आणि मग शेजारी बसून परत लिहून घेतलं. दुसरा अर्ज असा होता की ११ तारखेला रात्री साडेदहा ते पावणेबारा, हॉस्टेलची गच्ची, पाण्याच्या टाकीजवळ, डान्स ग्रुपच्या तिघी, नावं आणि वर्ष, त्यातल्या एकीनं माझी ओढणी घेतली आणि गाण्यावर नाचायला लावलं, दुसरीनं व्हिडिओ काढला, तिसरी जिन्याच्या दारात उभी होती, मी दोनदा जाऊ द्या म्हणाले, माझ्यासोबत अजून दोघी फर्स्ट इयरच्या होत्या, त्यांची नावं, व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर आला, स्क्रीनशॉट जोडलाय. दीड पान झालं, पण त्या दीड पानावर चौकशी एका दिवसात उभी राहिली.

म्हणजे नम्र विनंती कमी आणि तारीख-वेळ-जागा जास्त. कोण काय बोललं ते त्यांच्याच शब्दांत लिही, शिवी असेल तर शिवी लिही, "अपशब्द वापरले" असं नको. जे स्वतः बघितलं ते वेगळं आणि जे ऐकलं ते वेगळं लिही. आणि शेवटी तुला काय पाहिजे तेबी लिही, खोली बदलून पाहिजे, व्हिडिओ काढून टाकायला पाहिजे, परीक्षेच्या काळात संरक्षण पाहिजे, जे असेल ते. ती ओढणी सहाव्या दिवशी परत मिळाली, इस्त्री करून, हे मला अजूनबी विचित्र वाटतं.

द्यायची कुठं

नाव सांगायची भीती वाटत असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे राष्ट्रीय अँटी रॅगिंग हेल्पलाइन, १८००-१८०-५५२२, फुकट आहे, चोवीस तास चालू. नाव न सांगता तक्रार घेतात. अँटीरॅगिंग डॉट इन या वेबसाइटवरूनबी करता येते. तक्रारीचा नंबर मिळतो तो जपून ठेव, त्यावर पुढं काय झालं ते बघता येतं. तिथून कॉलेजला विचारणा येते आणि खरं सांगू का, स्क्वॉडमध्ये असून सांगतो, पोरानं टेबलावर ठेवलेल्या अर्जापेक्षा वरून आलेल्या मेलला कॉलेज लवकर हलतं. पण निनावी तक्रारीतबी तारीख, जागा आणि ग्रुपचं नाव पाहिजे, नाहीतर आम्ही नुसते वर्गावर्गात जाऊन भाषण देऊन येतो.

कॉलेजात लेखी द्यायची तर प्राचार्यांच्या नावानं, आवक-जावकला देऊन शिक्का मारलेली पोच घ्यायची. पोच देत नसतील तर तोच अर्ज कॉलेजच्या अधिकृत मेलवर पाठव आणि स्पीड पोस्टानं. ही पोच इतकी महत्त्वाची का, तर महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदीचा कायदा आहे, त्यात लेखी तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी खरं वाटलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडं पाठवायची. तथ्य वाटलं नाही तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. आणि प्रमुखानं हयगय केली तर त्यानं रॅगिंगला साथ दिली असं धरतात. सात दिवस मोजायला तारखेचा शिक्का लागतो म्हणून पोच. तक्रार पालकबी करू शकतात, शिक्षकबी करू शकतात. गुन्हा शाबित झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडं कुठं ॲडमिशन नाही. यूजीसीच्या नियमात तर गुन्हा दिसत असेल तर कॉलेजनं स्वतः २४ तासांत एफआयआर करायचा असं आहे.

पोलिसांत तू स्वतःबी जाऊ शकतोस. एनएसएसचा कॅम्प दुसऱ्या तालुक्यात होता, टीमची मॅच परभणीला होती, आणि पोलीस म्हणले की आमच्या हद्दीत नाही, तर झिरो एफआयआर म्हणायचं, कुठल्याबी ठाण्यात घ्यावा लागतो. वय अठराच्या खाली असेल आणि प्रकार लैंगिक असेल तर पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा लागतो, फर्स्ट इयरला सतरा वर्षांची पोरं भरपूर असतात हे पोलीसबी कधी कधी विसरतात. मेडिकलवाल्यांसाठी नॅशनल मेडिकल कमिशनचे २०२१ चे वेगळे नियमसुद्धा आहेत.

कॉलेज हलत नसेल तर विद्यापीठाकडं, म्हणजे संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिववाल्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडं आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीवाल्यांनी स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडं, आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात. प्रत्येक ठिकाणी पोच.

मग "मिटवून घ्या" सुरू होतं

हे होणारच, धरून चाल. पहिल्या दिवशी सिनियर रडत येतो, दुसऱ्या दिवशी त्याचे वडील येतात, तिसऱ्या दिवशी गावाकडं कुणातरी पुढाऱ्याचा तुझ्या बापाला फोन जातो, "पोरं हायेत, भविष्याचा प्रश्न हाय". बापाला आधीच माहीत असेल तर तो फोनवर गडबडत नाही, म्हणून घरी आपण आधी सांगायचं. वडलांना सांगता येत नसेल तर आईला, मामाला, नाहीतर नोकरीला लागलेल्या चुलत बहिणीला. माफीनामा झाला तरी चालतो, मी काय प्रत्येकाला जेलात घाला म्हणत नाही, पण तो अँटी रॅगिंग कमिटीपुढं, लेखी आणि तुझ्याकडं प्रत ठेवून. हॉटेलात बसवून कोऱ्या कागदावर सही मागितली तर उठून यायचं. "तक्रार गैरसमजातून केली" असं लिहून देऊ नको, ते वाक्य पुढं तुलाच खोटं पाडतं.

आईबापांनो, तुम्हाला दोनच गोष्टी. पोरगं दर दोन दिवसाला तीनशे-पाचशे मागतंय, एसटीनं पाठवलेला डबा जसाच्या तसा परत येतोय, सुट्टी संपताना पोट दुखतंय, तर "अभ्यास जमत नाही का" हे विचारायच्या आधी "तिथं कुणी बोलतंय का तुला" हे विचारा. आणि "थोडं सोस, आम्हीबी सोसलं" म्हणू नका. पोरगं लईच गप झालं असेल, जगण्याबद्दल वाकडं बोलत असेल तर टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात, आणि त्याला एकटं ठेवू नका, कुणीतरी जाऊन सोबत राहा.

सेकंड इयरवाल्यांनो

खरं तर हे सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. ग्रुपमधली ही पद्धत थर्ड इयरवाले सांगतात पण चालवतात सेकंड इयरवाले, ज्यांचं मागच्याच वर्षी झालेलं असतं, मी त्यातलाच. एका वर्षी एका बॅचनं नाही चालवली की ती बंद पडते, पुढच्या बॅचला ती माहीतच नसते. आमच्या कॉलेजात ढोल पथकाचं असं बंद झालं, भाषणानं नाही, चार पोरांनी आधीच ठरवून त्या रात्री गेटला कुलूप लागायच्या आत सगळ्या नव्यांना वडापाव खायला बाहेर नेलं. थर्ड इयरवाले मैदानात एकटेच.

नवीन लोकांना घ्यायचं तर दिवसा घ्या, दार उघडं ठेवून, एखादे सर-मॅडम असतील असं. फी किती, तालीम किती वाजेपर्यंत, कामं कोणती हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. रात्री दहानंतर नव्याला थांबवायचं नाही. इंट्रो करायचीच असेल तर उलटी करा, नव्यांनी सिनियरला प्रश्न विचारायचे, लई मजा येते, आणि कुणाच्या बॅकलॉग किती आहेत तेबी कळतं. यूजीसीच्या नियमात तसंबी सहा नव्यांमागं एक मेंटर द्यायचा आहे, कागदावर असतोच, त्याला खराच कामाला लावा. ग्रुपमध्ये रॅगिंग झालं आणि नेमकं कुणी केलं ते सापडलं नाही तर सामूहिक शिक्षेची तरतूद आहे, म्हणजे ज्यानं नुसतं बघितलं तोबी अडकू शकतो. व्हिडिओ काढणारा तर पहिला.

बघणाऱ्यासाठी एक सोपी युक्ती, भांडायची हिंमत नसेल तर मध्येच जाऊन "अरे तुला सर शोधायलेत" म्हणून त्याला हाताला धरून बाहेर काढायचं. कुठले सर हे कुणी विचारत नाही. माझ्या वेळी हॉलमध्ये अकरा जण होतो.

हेल्पलाइनचा नंबर कॉलेजात लावायचा असतो तो बहुतेक ठिकाणी प्राचार्यांच्या केबिनबाहेर काचेच्या पेटीत असतो, तिथं उभं राहून कोण वाचणार, सगळे बघतात. आम्ही तो आता हॉस्टेलच्या संडास-बाथरूमच्या दाराला आतून लावलाय, तिथं माणूस एकटा असतो आणि कडी लावलेली असते. पोरं फाडतात. दर सोमवारी मी आणि शिपाई मामा खळ घेऊन जातो आणि परत चिकटवतो.